शेवटी पाल पाहिजे

सुजाता,

तुला जाऊन आठवडाही झाला नाही, आणि मी तुझ्यापायी सगळ्या शिक्षणसंस्थेशी भांडून बसले. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस आणि मग म्हणाली असतीस, "रेखे, जरा दमानं घे की गं." दमानं घ्यायला तू मला शिकवलंस कुठं?

झालं असं. तुला पोचवून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी काही कामानं केजला गेले. जीपमधून उतरले तर समोर चौकात तू. आपल्याकडं माणूस जायचा अवकाश, त्याचा फ्लेक्स आधी चढतो. वाढदिवसाचा, निवडीचा आणि मरणाचा, सगळे एकाच बांबूवर. तुझा फोटो गॅदरिंगमधला, अबोली साडीतला. भोवती कमळं, पणत्या, आणि खाली संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचे फोटो, हात जोडलेले, तुझ्या फोटोपेक्षा ठसठशीत. 'भावपूर्ण श्रद्धांजली' ठीक होतं. नावाआधी 'कै.' लावलेलं. तुमच्या बौद्ध घरात कैलासवासी नाही, 'कालकथित' लिहितात, तेवढं घरच्यांना विचारायची तसदी कुणी घेतली नव्हती. आणि नावाखाली लाल इंग्रजी अक्षरांत तुझं पद : एक्स इन-चार्ज प्रिन्सिपल.

मी वाचलं, डोळे पुसले, पुढं चालू लागले. दहा पावलं गेले असेन नसेन, आणि मनात पाल चुकचुकली. नुसती म्हणीतली नव्हे. तुझी, वर्गातली पाल. मी मागं फिरले आणि एकेक अक्षर बोट रोखून वाचलं. शेवटी एल-ई होतं. ए-एल नव्हतं.

सुजाता, तुझ्या नावाखाली पाल नव्हती.

माझ्या आणि तुझ्या वर्गाच्या मधे पत्र्याचं पार्टिशन होतं, म्हणून तुझी निम्मी इंग्रजी मी इकडं मराठी शिकवता शिकवता ऐकलेली आहे. तो दिवसही मला पार्टिशनच्या अलीकडूनच माहीत आहे. तू नववीच्या पोरांचे रजेचे अर्ज तपासत होतीस. सगळ्यांनी 'टू, द प्रिन्सिपल' लिहिलेलं आणि सगळ्यांच्या शेवटी एल-ई. तुझा आवाज चढला. "रजा कुणाला मागायलास रे? मुख्याध्यापकाला का तत्त्वाला? तत्त्व रजा देत असतं व्हय?" वर्ग चिडीचूप. आणि त्या शांततेत भिंतीवरची पाल बोलली. एका पोरीनं सवयीनं बाकावर बोट आपटून 'कृष्ण कृष्ण' म्हटलं. तुझा राग तिथंच विरघळला.

"ऐका," तू म्हणालीस. "ती काय म्हणती? चूक, चूक, चूक. तिला कळतंय आन तुमाला कळंना. आता सांगा, पाल कुठं असती?"

"भिंतीवर, मॅडम."

"कुणाच्या भिंतीवर? हेडमास्तरच्या ऑफिसात जाऊन बघा. ट्यूबलाइटमागं बसलेली असती. म्हणून प्रिन्सिपलच्या शेवटी पाल. पी-ए-एल, पाल. आन दुसरं प्रिन्सिपल म्हणजे तत्त्व, त्याच्या शेवटी काय? एल-ई. ले. तत्त्व फुकट मिळतं, कुणीबी यावं आन घ्यावं. ले बाबा, ले! खुर्ची तशी मिळत न्हाई. खुर्चीवर पाल असती."

पोरं हसून हसून लोळली. माझ्या वर्गातलीसुद्धा. मी धडा बंद करून हसले. त्या दिवसापासून तुझ्या वर्गात रिवाजच पडला. फळ्यावर कुणाचं स्पेलिंग चुकलं की कुणी 'चूक' म्हणायचं नाही, जीभ टाळूला लावून पालीसारखं चुकचुकायचं. एकानं सुरू केलं की सगळ्यांनी. तू स्वतः मुद्दाम चुकायचीस, पोरं चुकचुकायची, तू कमरेवर हात ठेवून म्हणायचीस, "सापडले बाई मी." नवीन आलेल्या साहेबांना तपासणीच्या वेळी वाटलं होतं, शाळेत पाली फार झाल्यात.

मला मात्र तुझा हा स्पेलिंगचा सोस कधी पटला नाही, आणि अजूनही पटलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते. मेलेल्या माणसाशी वादात हार मानायची पद्धत आहे, पण मी ती पाळणार नाही. मी म्हणायचे, इंग्रज साहेब जाऊन किती वर्षं झाली, त्याच्या एका अक्षरासाठी आपली पोरं का रडवायची? कळलं ना काय म्हणायचंय? मग झालं. तू म्हणायचीस, "तू वेलांटी चुकली तर पोरांचे कान पिळती, आन मला साहेबाची गुलाम म्हणती?" मी म्हणायचे, वेलांटी आपली आहे. तू म्हणायचीस, "अक्षर ज्याला आलं त्याचं असतं. कुणाच्या बापाचं नसतं."

एकदा मात्र तू मला गप्प केलंस. स्टाफरूममध्ये आपण दोघीच होतो. तू डबा उघडलास, माझ्यापुढं भाजी सरकवलीस आणि अगदी सहज म्हणालीस, "रेखा, तुझं चुकलं ना, तर लोक म्हणतात, चुकलं. माझं चुकलं तर म्हणतात, बघा, म्हणलं नव्हतं का, ह्यांना कुठून येणार. म्हणून मला चुकायची सोय न्हाई." मग भाकरी मोडून खायला लागलीस. मी शेतकऱ्याची लेक, आईबाप आष्टीकडून दर साल ऊसतोडीला जायचे, गरिबी मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण चुकायची मोकळीक ही सुद्धा मिळकत असते, आणि ती मला जन्मानं मिळालीय, हे मला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं.

तू प्रभारी मुख्याध्यापिका झालीस तेव्हा सगळ्यांना वाटलं, चार-सहा महिन्यांचा प्रश्न आहे. सचिव म्हणायचे, प्रस्ताव पाठवलाय, मान्यता यायचीय. वर्षामागून वर्षं गेली, मान्यता काही येईना. यायला प्रस्ताव निघाला तर पाहिजे. शाळा तू चालवलीस. दहावीच्या परीक्षेत खिडकीतून चिठ्ठ्या टाकणाऱ्यांना तू हाकललंस. ऊसतोडीला निघालेल्या आईबापांच्या दारात उभी राहून "पोरगी ठेवून जा, मी बघते" असं तू सांगितलंस. सह्या तुझ्या, शिव्या तुला, आणि ऑफिसच्या दारावर पाटी काय? नुसतं 'कार्यालय'. तुझं नाव नाही. कारण काय ते शिपायापासून सचिवांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. बौद्धवाड्यातली बाई त्या खुर्चीत कायमची बसली तर बरं दिसत नाही, असं एकजण चहा पिता पिता बोललाही होता. बाकीच्यांनी कपात बघितलं. गेल्या वर्षी तू रिटायर झालीस आणि महिन्याच्या आत सचिवांच्या भाच्याला पूर्ण पद मिळालं. मान्यता, पितळी पाटी, सगळं. पाटी इतकी चकाचक की तिच्यात तोंड दिसतं.

लोक तेव्हा म्हणाले, सुजाता मॅडमला पदाचा मोह नव्हता. आताही तेच म्हणतायत. म्हणून ती गोष्ट मला आज सांगायलाच पाहिजे.

तुझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी आपण सहल घेऊन धर्मापुरीला गेलो होतो. पोरं देवळातल्या मूर्तींपुढं फोटो काढत होती. आपण सावलीला दगडी पायरीवर बसलो होतो, ठेचा-भाकरी खाऊन झाली होती. तू चपला काढून पाय लांब केले होतेस. एकाएकी म्हणालीस, "मला पाहिजे होती गं ती खुर्ची."

मी डब्याचं झाकण लावता लावता तुझ्याकडं वळले.

"लोक म्हणतात, मॅडमला हाव न्हाई. हाय. लई हाय. कावून नसावी? मी काय संन्यास घेतलाय? मला दारावर नाव पाहिजे होतं. माझ्या बापानं ते बोट फिरवून वाचलं असतं." मग तू उठलीस, चपला घातल्यास आणि पोरांवर ओरडत निघून गेलीस. परत कधी तो विषय तू काढला नाहीस, मी काढला नाही. पण मी ऐकलंय, सुजाता. तू हावरट होतीस. तुझ्या हक्काच्या गोष्टीसाठी तू चांगली हावरट होतीस, आणि त्यासाठी मला तू आणखी आवडायचीस.

आता सांग, तो एल-ई बघून मी गप्प कशी बसू?

तशीच अस्लमच्या दुकानात गेले. तुझा विद्यार्थी, फ्लेक्सचं दुकान टाकलेला, आता पोटाचा घेर आणि दोन लेकरं असलेला अस्लम. मला बघून उठला आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "मॅडम, मला माहीत हाय. पाल. मला काय इसर पडतो व्हय?"

"मग छापलंस कशाला?"

"सचिव साहेबांनी व्हॉट्सॲपवर जसं धाडलं तसं. मी फोन लावला की. म्हणलं, साहेब, शेवटी ए-एल पाहिजे. ते म्हणले, आता तू मला इंग्रजी शिकवणार? हाय तसं छाप, कोण बघतंय." अस्लमनं मान खाली घातली. "मॅडमच्या फोटोखाली छापताना लई वंगाळ वाटलं बगा."

तिथून सचिवांकडं. त्यांनी बसायला सांगितलं, चहा मागवला. मी म्हटलं, फ्लेक्सवर पद चुकलंय, बदलून घ्या, 'कै.'चं 'कालकथित' करा आणि 'इन-चार्ज' काढा. इतकी वर्षं ज्या बाईनं शाळा हाकली तिला मेल्यावर तरी पुरतं पद द्या.

ते हसले. मोठ्यानं नव्हे, समजूतदारपणानं. "अहो मॅडम, एका अक्षराचं काय घेऊन बसलाव? आन खरं सांगू का, एका अर्थी बरोबरच हाय की ते. प्रिन्सिपल म्हणजे तत्त्व. बाई तत्त्वाच्याच होत्या. देवानंच लिहून घेतलं म्हणा."

सुजाता, मी खरंच सांगते, क्षणभर तो कोटीचा सापळा मलाही गोड वाटला. मराठीची मास्तरीण ना मी, श्लेष दिसला की पाघळते. चूक झाली पण खरं निघालं, असं म्हणून डोळ्यांत पाणी आणायचं आणि घरी जायचं, किती सोपं होतं. आणि मग तुझा आवाज आला, पार्टिशनच्या पलीकडून आल्यासारखा. तत्त्व फुकट मिळतं. ले बाबा, ले.

हेच तर ते करत होते. जन्मभर तुझी खुर्ची दाबून ठेवली, आणि आता तू गेल्यावर फुकटातलं ते तुझ्या हातात कोंबत होते. वर आम्ही त्याला मान म्हणायचं.

मी चहाचा कप सरकवला. म्हटलं, "साहेब, तत्त्व तुमच्याकडंच राहू द्या, तुम्हालाच कमी पडतंय. बाईंना त्यांचं पद द्या."

त्यांचं हसू गेलं. "रेकॉर्डला त्या प्रभारीच हायत. फ्लेक्स हाय तसा राहील. आन मॅडम, तुमची अजून नोकरी बाकी हाय ना?"

"आहे," मी म्हटलं, आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी शाळेत शोकसभा. मांडव तोच, गॅदरिंगचा. मागं त्याच फ्लेक्सची दुसरी प्रत, त्याच लाल अक्षरांत. मला स्टेजवर कडेची खुर्ची दिलेली, कारण मी बोलणार होते. समोर सतरंज्यांवर पोरं बसलेली. नववी-दहावीची पोरं तुझ्या हाताखालची. त्यांचे डोळे फ्लेक्सवर गेले, मग एकमेकांकडं गेले, मग माझ्याकडं. त्यांना दिसलं होतं. पहिल्या झटक्यात दिसलं होतं. पण शोकसभा होती, कोण काय बोलणार.

सचिव बोलायला उठले. तुझे गुण सांगितले. मग म्हणाले, "मॅडमनी पदाची कधी अपेक्षा केली नाही. पद येतं आणि जातं. काही लोक म्हणतात, मागं फ्लेक्सवर स्पेलिंग चुकलं." माझ्याकडं ओझरतं बघितलं. "मी म्हणतो, चुकलं नाही. प्रिन्सिपल म्हणजे तत्त्व, आणि मॅडम तत्त्वाच्या होत्या. ते चुकलेलं नाही."

माझ्या हातात भाषणाचा कागद होता. चांगलं लिहिलं होतं मी, तुला आवडलं असतं. एक-दोन ठिकाणी तू नाक मुरडलं असतंस. ते मी वाचलंच नाही. माझी जीभ टाळूला कधी लागली ते मला कळलं नाही. स्टेजवर, सगळ्या गावासमोर, रेशमी काठाची साडी नेसलेली मी, पालीसारखी चुकचुकले.

सचिव थांबले. मग दहावीच्या पोरींच्या रांगेतून एक चुकचुक आली. मग पोरांच्या बाजूनं. मग मागून. बघता बघता सगळा मांडव चुकचुकायला लागला, सुजाता. कुणी हसत नव्हतं. काही पोरी रडत होत्या आणि रडता रडता चुकचुकत होत्या. मागं मांडवाच्या खांबाला टेकून अस्लम उभा होता, तोही. तुझ्यापाशी शिकून संसाराला लागलेली कितीतरी माणसं त्या गर्दीत होती, आणि कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

सचिवांना काहीच उमजेना. ते बिचारे तुझ्या वर्गात कधी बसलेच नव्हते. त्यांनी मान वर केली, मांडवाच्या कापडाकडं बघितलं आणि माइक तोंडाशीच असताना विचारलं, "पाल हाय का काय वर?"

मी बसल्या जागेवरून म्हटलं, "न्हाई साहेब. पाल न्हाई. तेच सांगायलेत पोरं."

सभा तिथंच संपली. समारोप, आभार काही झालं नाही. दुपारी केजच्या चौकात अस्लमनं शिडी लावली. त्यानं रात्रीच चिकटवायच्या पट्ट्या कापून ठेवल्या होत्या, म्हणजे सभेत काहीही झालं असतं तरी तो हे करणारच होता. शिडी मी धरली. आधी 'कै.'वर 'कालकथित' बसलं. मग 'इन-चार्ज'वर पांढरी पट्टी. आणि मग शेवटच्या दोन अक्षरांवर दोन नवी अक्षरं. लाल रंग थोडा वेगळा आलाय, ठिगळ कळून येतं. बरं आहे. कळू दे. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू दे की इथं काहीतरी बदलून घ्यावं लागलं. एका जीपवाल्यानं गाडी हळू करून विचारलं, "काय झालं हो?" अस्लम शिडीवरून म्हणाला, "चूक हुती, काढली."

मी खाली उभी राहून वर बघत होते. उन्हानं म्हण, कशानं म्हण, डोळ्यांना धार लागली. तुझा बाप हवा होता तिथं, बोट फिरवून वाचायला.

आता शाळेत कुजबुज चाललीय की मला नोटीस येणार. शोकसभेत गोंधळ घातला, शिस्त मोडली वगैरे. येऊ दे. सही अर्थात नव्या साहेबांची, पितळी पाटीवाल्यांची असेल. उत्तरही त्यांच्याच नावे द्यावं लागेल. माझ्या जागी तुझी वर्गातली पोरं असती तर त्यांनी ऐटीत सुरुवात केली असती, टू, द प्रिन्सिपल, आणि या वेळी एकानंही चूक केली नसती.

मी मराठीत लिहिणार आहे. 'मा. मुख्याध्यापक' म्हणून, वेलांट्या-उकार सगळे जिथल्या तिथं. तू म्हणशील, बघा, शेवटी ही आपल्याच हट्टावर गेली, मी जिंकलेच नाही. तसं नाही, सुजाता. मला आता ते स्पेलिंग पक्कं येतं. पण ते मी एकदाच वापरलंय, शिडी धरून, तुझ्या नावाखाली. त्या माणसाला मी पाल देणार नाही. ती तुझी आहे.

तुझी,
रेखा